तारे लांबट का येतात? गाइडिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर ते मार्च हा गोव्यातला आकाशाच्या फोटोंचा हंगाम. तो सुरू झाला की पत्रांत गाइडिंगच्या तक्रारी वाढतात, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. गाइडिंग म्हणजे छोट्या गाइडस्कोपमधून एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची, चाल सतत दुरुस्त करणं. माउंटला दोन अक्ष असतात : आरए हा ध्रुवाकडे रोखलेला ध्रुवीय अक्ष, त्यावर दुर्बीण पूर्व-पश्चिम फिरते, आणि डेकवर उत्तर-दक्षिण. उत्तरांमध्ये कला आणि विकला हे शब्द वारंवार येतील. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.

प्रश्न : डिचोली तालुक्यात घराच्या अंगणात माउंट लावतो. उत्तरेला पोफळींचं कुळागर आहे, त्यामुळे ध्रुवतारा दिसत नाही. होकायंत्रावर उत्तर धरतो. गाइडिंग चालू असतं, तरी पाच मिनिटांच्या फोटोत कडेचे तारे वळलेले दिसतात. कुळागर तर तोडता येणार नाही.

कुळागर तोडायची काहीच गरज नाही. गोव्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर असतो, त्यामुळे ही अडचण बहुतेक घरांत येते. बारा मीटर उंचीचं झाड असेल आणि दुर्बीण जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर ध्रुवतारा त्याच्या शेंड्यावरून दिसण्यासाठी झाड दुर्बिणीपासून निदान ३८ मीटर दूर हवं. एवढं मोकळं अंगण किती जणांकडे असतं?

होकायंत्रावर मात्र विसंबू नका. माउंटमधलं आणि ट्रायपॉडमधलं लोखंड सुई सहज हलवतं, आणि एक अंशाची चूक म्हणजे ६० कला. हिशोब सोपा आहे : ध्रुवीय अक्षाच्या दर एका कलेच्या चुकीमागे तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो. एक अंश चुकला तर मिनिटाला १५ विकला. गाइडिंग हे सरकणं डेक अक्षावर भरून काढतं, पण ते फक्त गाइड ताऱ्यापुरतं. बाकीचं क्षेत्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरत राहतं. तुमचे कडेचे तारे वळलेले दिसतात ते याच फिरण्यामुळे.

लॅपटॉप वापरत असाल तर 'निना' या फोटोग्राफीच्या प्रोग्रॅममधली तीन बिंदूंची ध्रुवीय जुळणी (अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखणं) वापरा. तिला ध्रुवाजवळचं आकाश लागत नाही. ट्रायपॉड समतल करा, उंचीची पट्टी तुमच्या अक्षांशावर म्हणजे साडेपंधराच्या आसपास आणा, आणि दुर्बीण पूर्वेला किंवा पश्चिमेला पन्नास-साठ अंश उंचीच्या मोकळ्या भागाकडे वळवा. दोन ते पाच सेकंदांचा एक फोटो, मग फक्त आरए अक्षावर साधारण दहा अंश फिरून दुसरा, तसाच तिसरा. तिन्ही फोटोंतले तारे ओळखून प्रोग्रॅम सांगतो, की अक्ष उंचीत किती आणि डावी-उजवीकडे किती चुकला आहे. त्यानंतर उंचीचे आणि दिशेचे बोल्ट फिरवायचे. या वेळात अक्षांचे क्लच (अक्ष घट्ट धरणाऱ्या पकडी) सैल करायचे नाहीत, की दुर्बीण बटणांनी हलवायची नाही. पहिल्या फेरीनंतर सगळं पुन्हा एकदा करा, कारण मोठी चूक काढताना एक बोल्ट दुसऱ्याला थोडं ढकलतो. दोन-तीन कलांच्या आत आलात की थांबा. तारे ओळखलेच जात नसतील, तर नाभीय अंतर चुकीचं भरलं आहे का ते आधी बघा. रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग) लावून मूळचाच आकडा ठेवणं ही नेहमीची चूक.

लॅपटॉपवर फक्त पीएचडी-२ हा गाइडिंगचा प्रोग्रॅम असेल तर त्यातलं ड्रिफ्ट अलाइनमेंट, म्हणजे तारा किती सरकतो ते बघून केलेली जुळणी, वापरा. वेळ अर्धा तास लागतो, पण ध्रुवाकडे एकदाही बघावं लागत नाही. कॅलिब्रेशन (माउंट हलवला की तारा किती आणि कुठे सरकतो, ते प्रोग्रॅमने मोजणं) झालं की आधी दिशेचा बोल्ट : याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर), खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वर आकाशात असलेल्या वर्तुळाजवळचा) तारा घ्या. गोव्यात विषुववृत्त याम्योत्तर ओलांडतं ते दक्षिणेला साडेचौऱ्याहत्तर अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर, आणि तिथे कुळागराचा काही त्रास नाही. हिवाळ्यात मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा यासाठी उत्तम, कारण तो विषुववृत्तापासून अंशाचा तिसरा हिस्साही दूर नाही. जानेवारीच्या मध्याला तो रात्री साडेदहाच्या सुमारास याम्योत्तरावर असतो. आलेखातली डेकची रेषा आडवी होईपर्यंत बोल्ट थोडा थोडा फिरवा. मग उंचीचा बोल्ट : पूर्वेला किंवा पश्चिमेला तिशीच्या आसपास उंचीवर असलेला, विषुववृत्ताजवळचाच तारा घेऊन हेच पुन्हा. त्याहून खाली जाऊ नका, हवेमुळे तारा नाचतो.

ध्रुवताऱ्यावर केलेली जुळणी आणि यांपैकी एखाद्या पद्धतीने केलेली जुळणी, यांत तीन-चार कलांचा फरक निघाला तर घाबरू नका. पंधरा अंशांवर हवेचं वक्रीभवन तारा साडेतीन कला उचलून दाखवतं, आणि तो फरक तेवढाच आहे.

अंगण मातीचं असेल तर तिन्ही पायांखाली एकेक जांभा चिरा पुरून ठेवा, वरचा भाग जमिनीशी सारखा. ओल्या मातीत पाय रात्रीतून खाली बसतो, आणि दोन तास खर्चून केलेली जुळणी वाया जाते. चिऱ्यांवर पायांच्या खुणा करून ठेवल्या तर पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं.

प्रश्न : फोंड्याहून लिहितो. पीएचडी-२ कॅलिब्रेशन करताना 'तारा पुरेसा सरकला नाही' असा संदेश देतो. गाइडस्कोप १६० मिमीचा, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. मी शर्मिष्ठेतला तारा घेतो.

तारा बदला, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. शर्मिष्ठा साठ अंश क्रांतीच्या आसपास, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून साठेक अंश उत्तरेला आहे. तिथे आरए अक्ष तेवढाच फिरला तरी तारा विषुववृत्तावरच्या ताऱ्याच्या निम्माच सरकतो. कॅलिब्रेशन नेहमी याम्योत्तराजवळ आणि विषुववृत्तापासून वीस अंशांच्या आत करावं.

आता पल्ल्याचा हिशोब. पिक्सेलच्या मायक्रॉनला २०६.२६५ ने गुणून मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागलं, की एका पिक्सेलमागे किती विकला ते कळतं. तुमच्या संचात ते ४.८ विकला. माउंटचा गाइड वेग ०.५ (तारे सरकतात त्या वेगाच्या निम्मा) असेल तर सेकंदाला साडेसात विकला. तारा २५ पिक्सेल सरकवायचा तर १२० विकला, म्हणजे १६ सेकंद, आणि ते १२ पावलांत व्हायचं तर एक पाऊल साधारण १३५० मिलिसेकंदांचं. कॅलिब्रेशन स्टेपच्या चौकटीत हा आकडा आहे का, ते तपासा. तिथे २००-३०० असेल, तर तारा हलतो पण पुरेसा नाही.

आकडा बरोबर असूनही अडत असेल, तर हँड कंट्रोलरमध्ये गाइड वेग ०.१ वर गेला आहे का बघा. एसटी-४ ची तार (गाइड कॅमेऱ्यातून थेट माउंटला) आणि पल्स गाइडिंग (लॅपटॉपमधून माउंटला) यांपैकी एकच ठेवा. दोन्ही एकदम जोडलेली असली तर कारण शोधणंच अवघड होतं. उत्तरेकडे तारा नीट जातो आणि दक्षिणेकडे परत येत नाही, असं असेल तर ते डेकचं बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना दात्यांमध्ये वाया जाणारी हालचाल. त्यासाठी वर्म (अक्षाचं चाक फिरवणारा स्क्रू) आणि चाक यांच्यातली फट कमी करावी लागते. कॅलिब्रेशन नीट झालं की आरए आणि डेक यांच्यातला कोन नव्वदच्या दहा अंश इकडे-तिकडे असायला हवा. तो सत्तर आला तर पुन्हा करा, तसंच पुढे जाऊ नका.

प्रश्न : मडगाव. १५० मिमी, एफ/५ न्यूटनियन (आरशाची दुर्बीण) आणि डीएसएलआर. गाइडस्कोप फाइंडरच्या जागी बसवला आहे. आरएमएस (गाइडिंगची सरासरी चूक) ०.७ ते ०.८ विकला असतो, आलेख सपाट. तरी ३०० सेकंदांच्या प्रत्येक फोटोत तारे अंड्यासारखे. आलेख खोटं बोलतो का?

आलेख खरं बोलतो, पण फक्त गाइड कॅमेऱ्याला जे दिसतं तेवढंच. मुख्य दुर्बीण गाइडस्कोपच्या तुलनेत हळूहळू वाकत असेल, तर ते त्याला दिसणारच नाही. या दोषाला सापेक्ष लचक म्हणू. न्यूटनियनवर फाइंडरच्या जागी गाइडस्कोप लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना कधी ना कधी तो भेटतो. पण लगेच सुटे भाग विकत घेऊ नका. आधी खात्री करा.

पहिली कसोटी पाच सेकंदांची. त्याच जागी पाच सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. तारे तेव्हाही लांबट असतील तर गाइडिंगचा दोष नाही. मग कोलिमेशन (आरशांची जुळणी), कोमा करेक्टरचं (कडेचे तारे सुधारणाऱ्या भिंगाचं) अंतर किंवा सेन्सरचा तिरकेपणा यांच्याकडे वळा. मधले गोल आणि फक्त कोपऱ्यांतले लांबट असतील तर तर्क त्याच दिशेला जातो. पाच सेकंदांत सगळे गोल आणि ३०० सेकंदांत लांबट असतील, तर दुसरी कसोटी घ्या.

दुसरी कसोटी तासाभराची. डिदरिंग (दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद ठेवा, गाइडिंग चालू ठेवा आणि ६० सेकंदांचे साठ फोटो काढा. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एकाच ताऱ्याची जागा पिक्सेलमध्ये लिहून घ्या. मध्यातला एक तारा आणि चार कोपऱ्यांतले चार, असे पाच तारे घ्या. पाचही एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर लचक. वेगवेगळ्या दिशांना, एखाद्या बिंदूभोवती फिरल्यासारखे सरकले असतील तर ध्रुवीय जुळणीची चूक, आणि मग वर डिचोलीच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.

समजा तुमच्या डीएसएलआरचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. ७५० मिमीवर एक पिक्सेल म्हणजे १.१८ विकला. तासात २४ पिक्सेल सरकलं तर २८ विकला, म्हणजे पाच मिनिटांत सव्वादोन-अडीच विकला, म्हणजेच दोन पिक्सेल. तारा अंड्यासारखा दिसायला एवढं पुरे.

आता ती लचक कुठे आहे? सर्वांत आधी फाइंडरचा पाया बघा. दुर्बिणीच्या पातळ नळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला हा पाया हलक्या फाइंडरसाठी असतो. गाइडस्कोप आणि कॅमेरा मिळून वजन दुप्पट-तिप्पट होतं. गाइडस्कोप तिथून काढा आणि नळीच्या दोन रिंगांना वरून जोडणाऱ्या पट्टीवर बोल्टने बसवा. शक्य तिथे हाच पहिला बदल करावा. नायलॉनच्या तीन-तीन स्क्रूंवर तोललेल्या गाइडस्कोपच्या रिंगा असतील तर त्याही बदला. गाइडिंगला तारा बरोबर मध्यभागी लागतच नाही, तेव्हा फिरवता येणाऱ्या रिंगांची गरजच नसते. सरळ घट्ट धरणाऱ्या रिंगा घ्या.

त्यानंतर फोकसर. डीएसएलआर जड असतो. नळी लांब बाहेर काढलेली असली तर कॅमेरा खाली झुकतो, आणि दुर्बीण जशी फिरते तशी झुकण्याची दिशा बदलते. दुर्बीण आडवी करून कॅमेऱ्याला बोटाने हलकं वर-खाली दाबून बघा. थोडीशी हालचाल जाणवली तरी तीच पुष्कळ. फोकसरच्या ताणाचा स्क्रू घट्ट करा आणि फोकस झाल्यावर लॉक लावा.

मग मुख्य आरसा. त्याला धरणाऱ्या पकडी फार सैल असल्या तर आरसा स्प्रिंगांवर सरकतो. आरशाच्या पकडी घट्ट आवळू मात्र नका, तारे त्रिकोणी दिसू लागतील. कार्डाचा एक जाड तुकडा मध्ये जाईल एवढी फट ठेवा.

शेवटी वायरी. कॅमेऱ्याची तार लोंबकळत असेल, तर तिचा ताण थेट गाइड कॅमेऱ्यावर पडतो. सगळ्या वायरी डेक अक्षाजवळ एका ठिकाणी बांधा आणि तिथून पुढे थोडी सैल ठेवा.

एवढं करूनही तासाला दहा-बारा पिक्सेल सरकत असेल, तर खर्च न करता एक उपाय उरतो : फोटो ३०० ऐवजी १२० सेकंदांचे काढा आणि डिदरिंग पुन्हा चालू करा. न्यूटनियन कायम वापरायचा असेल तर शेवटी ऑफ-अॅक्सिस गाइडर घ्यावा. त्यात मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशाचा एक कडेचा तुकडा गाइड कॅमेऱ्याला मिळतो, म्हणून लचकीचा प्रश्नच उरत नाही. मात्र गाइड तारे अंधुक मिळतात, एक्सपोजर दोन ते चार सेकंद ठेवावं लागतं, आणि दोन्ही कॅमेरे एकाच वेळी फोकसमध्ये आणायला पहिली एक-दोन रात्री खर्ची पडतात.

प्रश्न : म्हापसा. रात्री दहानंतर पीएचडी-२ 'तारा हरवला' म्हणत राहतो. आकाश स्वच्छ असतं.

गाइडस्कोपच्या पुढच्या भिंगावर टॉर्च तिरका मारून बघा. दव असण्याची शक्यता मोठी. ओळखायची खूण आलेखातच आहे : ढग आला तर ताऱ्याचा एसएनआर (ताऱ्याचा प्रकाश आणि फोटोतला गोंगाट यांचं गुणोत्तर) एकदम पडतो आणि पुन्हा वर येतो, दव पडत असेल तर तो अर्ध्या तासात चाळीसवरून वीस, वीसवरून दहा असा हळूहळू उतरतो आणि परत चढत नाही.

दिवाळीच्या सुमाराला हवा २४ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २१.३ अंशांवर असतो. काच आकाशाकडे उष्णता टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षा पावणेतीन अंश थंड व्हायला तिला वेळ लागत नाही. म्हणून भिंग गरम ठेवणारी पट्टी दव दिसल्यावर नव्हे, दुर्बीण बाहेर काढल्या काढल्या चालू करा. बहुतेक जण मुख्य भिंगाला पट्टी लावतात आणि गाइडस्कोप विसरतात.

लहान पट्टी घरी बनवता येते. ३३० ओहमचे अकरा रेझिस्टर समांतर जोडले आणि बारा व्होल्ट दिले, तर प्रत्येकात ०.४४ वॉट, मिळून ४.८ वॉट उष्णता. रेझिस्टर एक वॉट क्षमतेचे घ्या, अर्ध्या वॉटचे काठावर तापतात. कापडी फितीत शिवून भिंगाच्या मागे, धातूच्या नळीवर गुंडाळा. ५०-६० मिमीच्या गाइडस्कोपला एवढी उष्णता पुरते. दवटोपी (दव अडवणारी, तोंडापुढची नळी) तोंडाच्या व्यासाच्या दीड ते दोन पट लांब ठेवा.

प्रश्न : काणकोण. अक्षांश पंधरावर आणला की काउंटरवेट (दुर्बीण तोलणारं वजन) ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतं.

आपल्या अक्षांशावर ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवा असतो. माउंटचं डोकं उत्तरेकडे पुढे येतं आणि वजनाचा दांडा जवळपास सरळ खाली लोंबतो, थेट त्या पायावर. ट्रायपॉड साठ अंश फिरवा, म्हणजे एक पाय दक्षिणेला आणि उत्तरेला मोकळी जागा येईल. यासाठी दिशेच्या बोल्टची खुंटी दुसऱ्या भोकात हलवावी लागते, काही माउंटांत ती सोय असते. पण अशाने उत्तरेकडे कलंडण्याचा धोका वाढतो, म्हणून पाय पूर्ण पसरवा, उंच करू नका, आणि बॅटरी दक्षिणेच्या पायाला टेकवा. खुंटी हलत नसेल तर माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये १५-२० सेंटिमीटरचा पियर एक्स्टेन्शन (उंची वाढवणारा खांब) लावा. शेवटच्या टोकाला एक वजन लावण्याऐवजी जास्त वजन दांड्यावर वर सरकवून लावलं तरी झोका लहान होतो.

आणखी एक. एवढ्या कमी अक्षांशावर सगळं वजन उंचीच्या एकाच बोल्टवर येतं. अक्ष नेमका करताना शेवटची हालचाल नेहमी वरच्या दिशेला करा आणि त्या वेळी दुर्बीण हाताने थोडी उचलून धरा. वजनाखाली बोल्ट फिरवत राहिलात तर तो वाकतो.

प्रश्न : पणजी. गच्चीवर माउंट आहे. आरएचा आलेख करवतीसारखा, प्रत्येक दोन फ्रेमनंतर उलट दिशेला.

ही दुरुस्ती जास्त होण्याची खूण. गाइड एक्सपोजर एक सेकंद असेल तर दोन-तीन सेकंद करा. एका सेकंदात कॅमेरा हवेची थरथर पकडतो आणि माउंट तिच्या मागे धावतो. आरएची अॅग्रेसिव्हनेस (दर वेळी किती टक्के चूक दुरुस्त करायची तो आकडा) ७० वरून ५०-५५ वर आणा. मग पीएचडी-२ मधला गाइडिंग असिस्टंट वर्मच्या एका पूर्ण फेरीभर चालवा : १३५ दातांच्या माउंटवर ६३८ सेकंद, १८० दातांच्या माउंटवर ४७९ सेकंद. त्याने सुचवलेली किमान हालचाल मान्य करा. आलेखात तेवढ्याच अवधीची सावकाश लाट दिसली तर ती वर्मची, आणि गाइडिंग ती सहज सांभाळतं. लहान, अनियमित उड्या दिसल्या तर गच्चीवर कोणी चालतं आहे का, हे बघा. स्लॅब मध्यभागी वाकतो, म्हणून ट्रायपॉड खांबाच्या वर किंवा तुळईजवळ ठेवा.

प्रश्न : पेडणे. मध्यरात्री माउंट अडखळतो, यूएसबी तुटतं. बॅटरी नवी आहे.

बॅटरी चांगली असली तरी तार बारीक असेल. पाच मीटर लांब, अर्धा चौरस मिमी जाडीच्या तारेतून तीन अँपिअर गेले तर जाता-येता मिळून एक व्होल्ट गळतो. दीड चौरस मिमीच्या तारेत तेच ०.३४ व्होल्ट. दवाच्या पट्ट्या वेगळ्या बॅटरीवर टाका. मोजायचं तर सगळं चालू असताना माउंटच्या टोकाशी मल्टिमीटर लावा, बॅटरीच्या टोकाशी नव्हे. यूएसबी-२ ची तार पाच मीटरहून लांब असेल तर मध्ये पॉवर असलेला हब घाला.

तुमचं घर समुद्राजवळ आहे असं पत्रावरून दिसतं. तिथे खारी हवा जोडण्यांवर हिरवट थर धरते. दर दोन महिन्यांनी सगळ्या प्लगांना काँटॅक्ट क्लीनर मारा. ओली दुर्बीण टोपी लावून बंद करू नका. आधी खोलीत पंख्याखाली तासभर सुकू द्या, मग सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. आत आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर बुरशी धरत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी डबा उघडून जेलचा रंग बघा, बदलला असेल तर जेल तापवून सुकवा आणि परत ठेवा.